स्त्रादे ब्यांके

स्त्रादे ब्यांके : इटलीच्या टस्कनी प्रांतात, मुख्यतः सिएना जिल्ह्यात, टेकड्यांच्या माथ्यांवरून आणि द्राक्षमळ्यांतून जाणारे, डांबर न घातलेले ग्रामीण रस्ते. इटालियन भाषेत 'स्त्रादा ब्यांका' म्हणजे पांढरा रस्ता. 'स्त्रादे ब्यांके' हे त्याचे अनेकवचन. सायकलस्वारांच्या तोंडी या रस्त्यांसाठी 'स्तेर्रातो' (कच्चा, मातीचा रस्ता) हाही शब्द असतो. याच नावाची एक व्यावसायिक सायकल शर्यत २००७ पासून भरते. त्यामुळे आता नाव काढले की आधी शर्यत डोळ्यांसमोर येते. वास्तविक हे रस्ते सायकलसाठी बांधलेले नाहीत, की पर्यटनासाठी राखलेले नाहीत. मोडलेल्या एका शेतीपद्धतीमागे ते उरले आहेत.

पांढरा रंग दगडाचा आहे. या भागात फिकट रंगाचा चुनखडीचा दगड विपुल सापडतो. तो फोडून, बारीक करून मातीच्या वाटेवर पसरायचा आणि दाबून घ्यायचा, एवढीच ही बांधणी. मुरमाच्या रस्त्यासारखीच, फक्त तांबड्याऐवजी पांढरी. उन्हाळ्यात त्यावरून एखादी मोटार गेली की धुळीचा लोट बराच वेळ हवेत तरंगत राहतो आणि सायकलस्वाराच्या भुवया पिकल्यासारख्या दिसतात.

सिएना शहराच्या उत्तरेला आणि दक्षिणेला हे रस्ते अगदी वेगळे वाटतात. उत्तरेचा कियांती हा भाग झाडीचा. ओकची राने, त्यांत मधूनच द्राक्षमळे आणि ऑलिव्हच्या बागा, वळणावळणाची चढउतार. गायोले, राद्दा आणि कास्तेल्लीना ही इथली तीन जुनी गावे. दक्षिणेला आणि आग्नेयेला क्रेते सेनेझी, म्हणजे सिएनाची चिकणमाती. काही दशलक्ष वर्षांपूर्वी इथे समुद्र होता. त्याच्या तळाचा गाळ म्हणजे आजच्या या टेकड्या. झाड जवळजवळ नाहीच. गव्हाची उघडी शेते, मध्ये पांढुरके घुमट (ब्यांकाने) आणि पाण्याने कुरतडलेल्या घळी (कालांकी). या मुलखाच्या एका भागाला पूर्वीपासून 'अक्कोनाचे वाळवंट' म्हणतात. वाळू नाही, उंट नाहीत, तरी नाव चपखल आहे. त्याच्याच कडेला १३१३ मध्ये बेर्नार्दो तोलोमेई याने एकांत शोधत येऊन मोंते ऑलिवेतो माज्जोरे हा मठ स्थापला. त्याहून दक्षिणेला वाल दोर्चा हे खोरे लागते. २००४ मध्ये युनेस्कोने ते जागतिक वारसा यादीत घेतले. त्याच्या क्षितिजावर १,७३८ मी. उंचीचा अमियाता हा शांत झालेला ज्वालामुखी सतत दिसत राहतो.

एवढ्या विरळ वस्तीच्या मुलखात रस्त्यांचे इतके दाट जाळे कसे, हा प्रश्न पहिल्याच दिवशी पडतो. उत्तर 'मेद्झाद्रीया' या कुळपद्धतीत आहे. आपल्याकडे अर्धेलीने जमीन कसायला देतात तीच ही रीत. शब्दातही 'अर्धा' हाच अर्थ आहे. जमीन आणि घर मालकाचे, कष्ट कुळाचे, पीक अर्धे-अर्धे. फरक एक आणि तोच महत्त्वाचा. महाराष्ट्रातला शेतकरी गावठाणात राहतो आणि सकाळी रानात जातो. टस्कनीतले कूळ कुटुंबकबिल्यासह शेतातच राही. अशा घर-जमिनीच्या एककाला 'पोदेरे' म्हणतात. प्रत्येक पोदेरेपासून मालकाच्या वाड्यापर्यंत, चर्चपर्यंत, गिरणीपर्यंत बैलगाडीची वाट हवीच, म्हणून हे जाळे. शिवाय चिकणमातीचा उतार पावसात सरकतो, त्यामुळे घरे माथ्यावर आणि वाटाही माथ्यामाथ्याने. सायकलवरून जाताना दोन्ही बाजूंची खोरी एकाच वेळी उघडी दिसतात ती यामुळे. ते कौतुक कुळांच्या वाट्याला किती आले असेल, हा भाग निराळा.

दुसऱ्या महायुद्धानंतर ही व्यवस्था झपाट्याने ढासळली. तरुण शहरांतल्या कारखान्यांकडे गेले. १९६४ च्या कायद्याने नवे मेद्झाद्रीया करार करण्यास बंदी आली आणि १९८२ च्या कायद्याने उरलेले करार खंडाच्या (ठरावीक भाड्याच्या) करारांत बदलण्याचा मार्ग खुला केला. शेकडो पोदेरे ओस पडली. रिकाम्या रानांत सार्डिनिया बेटावरचे धनगर मेंढ्या घेऊन आले. पिएन्झाच्या प्रसिद्ध पेकोरीनो चीजमागे त्यांचाही हात आहे. माणसेच उरली नाहीत, तिथे डांबराची मागणी कोण करणार? मोठी वाहतूक कास्सिया हा जुना रोमन मार्ग आणि सिएना-फ्लॉरेन्स द्रुतमार्ग यांनी ओढून घेतली. पांढरे रस्ते तसेच राहिले, ते गरिबीमुळे आणि विस्मरणामुळे. पुढे १९८५ मध्ये कृषिपर्यटनाचा कायदा झाला, पडकी घरे पाहुण्यांसाठी सजू लागली, आणि पाहुण्यांच्या गाड्यांना धूळ नको म्हणून डांबराची भाषा सुरू झाली.

त्या भाषेला उत्तर म्हणून गायोलेत १९९७ मध्ये जांकार्लो ब्रोच्ची यांनी 'लेरोइका' हा सायकल मेळा भरवला. पहिल्या वर्षी ९२ स्वार आले. बार्ताली आणि कोप्पी या जुन्या नामवंत सायकलपटूंच्या काळात इटलीतले बरेच रस्ते असेच कच्चे होते, तेव्हा ते रस्ते वाचवायचे तर त्या काळची सायकलही रस्त्यावर आणावी, अशी ही कल्पना. अट अशी की सायकल १९८७ किंवा त्यापूर्वीच्या बनावटीची हवी : गिअरच्या दांड्या खालच्या नळीवर, पॅडलला पट्ट्या, ब्रेकच्या तारा बाहेरून गेलेल्या. अंगात लोकरी जर्सी. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी पहाटेच्या अंधारात स्वार निघतात. ब्रोलियो किल्ल्याकडे चढणारी सायप्रसची वाट त्यांच्यासाठी दिव्यांनी उजळलेली असते. वाटेतल्या ठाण्यांवर कार्डावर शिक्का घ्यायचा आणि शिळ्या पावाचे व भाज्यांचे दाट सूप, 'रिबोल्लीता', खायचे. सोबत वाइनही मिळते. आज हजारो लोक येतात आणि या मेळ्याच्या आवृत्त्या जपान-स्पेनपर्यंत पोचल्या आहेत. जुन्या सायकलींचा हा थाट कधी कधी नाटकी वाटतो, हे खरे. पण डांबराविरुद्धची लढाई त्याने जिंकली. ज्या रस्त्यांची गावाला लाज वाटे, त्यांच्यावर आता पाट्या लागल्या.

ऑक्टोबर २००७ मध्ये याच रस्त्यांवर व्यावसायिकांची शर्यत सुरू झाली आणि रशियाचा अलेक्झांडर कोलोब्नेव्ह पहिला आला. पुढच्या वर्षापासून ती मार्चमध्ये भरू लागली. २०१५ पासून महिलांचीही होते. स्वित्झर्लंडच्या फाबियान कान्चेल्लारा याने २००८, २०१२ आणि २०१६ मध्ये ती जिंकली, म्हणून मोंते सान्ते मारिये हा ११.५ किमी.चा कच्चा टप्पा त्याच्या नावाने ओळखला जातो. २०२४ मध्ये स्लोव्हेनियाचा तादेय पोगाचार याच टप्प्यावर सुटला तो शेवटचे ८१ किमी. एकटाच राहिला. चिखल काय करू शकतो ते मात्र २०१० च्या जिरो दितालिया या इटलीभर फिरणाऱ्या अनेक टप्प्यांच्या शर्यतीत दिसले. मोंताल्चीनोला संपणाऱ्या सातव्या टप्प्यात पावसाने रस्त्याचा लगदा केला. जिंकणाऱ्या कॅडेल एव्हान्सच्या अंगावरची विश्वविजेत्याची इंद्रधनुषी जर्सी ओळखू येईना.

शर्यतीचा शेवट सिएनाच्या पियाझ्झा देल काम्पो या चौकात होतो. त्याआधी सान्ता कातेरीना गल्लीतला १६ टक्क्यांचा चढ चढावा लागतो. चौकातल्या नगरभवनात अंब्रोज्यो लोरेन्झेत्ती याने १३३८-३९ मध्ये काढलेले भित्तिचित्र आहे. सुराज्यात खेडे कसे दिसते हे त्यात दाखवले आहे : याच टेकड्या, नांगरणी, आणि माथ्यावरून उतरणाऱ्या वाटेवर घोडेस्वार, खेचरे, पायी चालणारी माणसे. वर आकाशात सुरक्षेची मूर्ती एक पट्टी धरून आहे. प्रत्येकाने निर्भयपणे, मोकळेपणाने वाट चालावी, अशा आशयाचा मजकूर तिच्यावर आहे. सायकलीने सिएनाला पोचलेल्याने हे चित्र न पाहता परत जाऊ नये.

लेरोइकाचा २०९ किमी.चा मोठा मार्ग वर्षभर खुला असतो आणि त्यावर दिशादर्शक पाट्या कायमच्या लावलेल्या आहेत. गायोलेहून ब्रोलियो, सिएनाची हद्द, मूर्लो, मोंताल्चीनो, अशानो आणि राद्दा असा वळसा घेऊन तो पुन्हा गायोलेला येतो. एका दिवसात तो पुरा करणे हा पराक्रम असेल, पण पाहणे नव्हे. तीन-चार दिवसांत वाटून घ्यावा. एकच दिवस हाताशी असेल तर अशानो गाठावे : मोंते सान्ते मारियेचा कच्चा रस्ता एका अंगाने जायला आणि सिएनाकडे जाणारा लाउरेताना हा डांबरी पण निवांत रस्ता परतायला. कियांतीची सावली सुखाची, पण एकांत क्रेतेत.

उंचीचे आकडे पाहून या टेकड्यांना कमी लेखू नये. आल्प्ससारखी लांब घाटवाट इथे नाही, पण चढ आखूड आणि उभे, आणि एक संपला की दुसरा. कोल्ले पिन्झुतो २.४ किमी. लांब आणि जास्तीत जास्त १५ टक्के. ले तोल्फे जेमतेम १.१ किमी., पण १८ टक्क्यांपर्यंत. अशा चढावर कच्च्या रस्त्यात उभे राहून पॅडल मारले की मागचे चाक जागीच फिरते. बसून, हलक्या गिअरवर, अंगाचा भार मागे ठेवून चढावे. उतारावर वाहनांच्या चाकोरीतली घट्ट पट्टी धरावी. वळणाच्या बाहेरच्या अंगाला सुटी खडी साचते आणि ब्रेकच्या जागी पन्हाळी पत्र्यासारख्या लाटा उठलेल्या असतात. ३० मिमी. किंवा त्याहून रुंद टायर आणि थोडी कमी हवा बरी. पाऊस पडून गेल्यावर क्रेतेतली माती चाक आणि चौकट यांच्यामध्ये अशी भरते की सायकल खांद्यावर घ्यावी लागते. त्या दिवशी डांबरी रस्ता धरलेला उत्तम.

एप्रिल ते जून आणि सप्टेंबर-ऑक्टोबर हा हंगाम. मेमध्ये टेकड्या हिरव्या, जुलैत सोनेरी, नांगरणीनंतर राखाडी. खेड्यातली दुकाने दुपारी तीन-चार तास बंद असतात. पाणी संपले तर दफनभूमी शोधावी, तिथे बहुधा नळ असतो. हिवाळ्याच्या तोंडावर रानडुकरांच्या शिकारीचे हाके निघतात. वाटेवर तशी पाटी दिसली तर मार्ग बदलावा. आणि मेंढ्यांचा कळप दिसला तर राखणीचे पांढरे मारेम्मा कुत्रे जवळपास असणारच. त्यांना वेगाने चुकवायला जाऊ नये. खाली उतरावे, सायकल आपल्या आणि कुत्र्यांच्या मध्ये धरावी आणि कळप मागे पडेपर्यंत सावकाश चालत राहावे.