पार्श्वभूमी : पिवळा दिवा किती सेकंदांचा?

सिग्नल पिवळा झाला की थांबायचं, हा नियम सगळ्यांना पाठ असतो. पंचाईत होते ती चौक ऐन तोंडावर आल्यावर. ब्रेक मारावा की गाडी काढावी, हे ठरवायला जेमतेम सेकंद मिळतो. फसलं तर चूक चालकाची, आणि ई-चलनही त्याच्याच मोबाइलवर. दिव्याची वेळ कोणी लावली, ती बरोबर होती का, हे सहसा कोणी विचारत नाही.

मुळात पिवळा दिवा नव्हताच. लंडनमध्ये पार्लमेंटजवळ डिसेंबर १८६८मध्ये उभारलेल्या गॅसच्या सिग्नलचा महिनाभरातच स्फोट झाला आणि तो चालवणारा पोलीस जखमी झाला. १९१४मध्ये अमेरिकेत क्लीव्हलँडला विजेचा सिग्नल लागला, त्यात लाल आणि हिरवा एवढेच दिवे. रंग बदलणार हे घंटी वाजवून कळवलं जाई. १९२०मध्ये डेट्रॉइटचे पोलीस अधिकारी विल्यम पॉट्स यांनी चारही दिशांना तीन रंग दाखवणारा सिग्नल लावला. घंटीचं काम पिवळ्याकडे आलं, पण तो किती वेळ ठेवायचा हे बराच काळ अंदाजपंचेच चाललं.

हा प्रश्न गणितात मांडला तो जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेतले डेनॉस गाझिस आणि रॉबर्ट हर्मन, आणि त्यांच्यासोबत अलेक्सी मराडुडिन यांनी, १९६०च्या शोधनिबंधात. हिशेब साधा आहे. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे १७ मीटर. दिवा दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत सेकंदभर धरा, १७ मीटर तिथेच गेले. अंगाला हिसका न बसता थांबायला आणखी ४६. म्हणजे स्टॉपलाइन ६३ मीटरच्या आत आली असेल तर नीट थांबणं जमत नाही. आता पिवळा तीनच सेकंदांचा असेल, तर तेवढ्यात त्याच वेगाने गाडी ५० मीटर जाते. मग ५० ते ६३ मीटरच्या पट्ट्यात सापडलेल्याने करायचं काय? इकडे आड, तिकडे विहीर. या पट्ट्याला ‘डिलेमा झोन’ म्हणतात. पिवळा जवळपास चार सेकंदांचा केला की तो पट्टाच उरत नाही. सिग्नल तोडणारा प्रत्येक जण बेदरकार असतो असं नाही, हे या हिशेबातून स्पष्ट होतं.

आपल्या चौकात हे आणखी अवघड. दुचाकी, रिक्षा, एसटी एकाच रांगेत. प्रत्येकीचं थांबायचं अंतर वेगळं, त्यामुळे पट्टाही वेगळा. त्यात उलटे आकडे मोजणारे टायमर. हिरव्याचे शेवटचे तीन-चार सेकंद दिसले की मागचा गाडी दामटतो, आणि आडव्या रस्त्यावरचा लाल संपायच्या आधीच क्लच सोडतो. दोघांनाही वेळ अगदी अचूक ठाऊक असते, हीच गंमत.

१९६०च्या सूत्रातही एक भोक होतं. गाडी सरळ, एकाच वेगाने चौक ओलांडेल असं त्यात धरलेलं. वळणाऱ्या गाडीला वेग कमी करावा लागतो, म्हणजे तिला वेळ जास्त लागतो. अमेरिकेत ओरेगनमधल्या बीव्हर्टनला २०१३मध्ये उजवीकडे वळताना मॅट्स यार्लस्ट्रम यांच्या पत्नीला सिग्नलच्या कॅमेऱ्याने पकडलं. मूळ स्वीडनचे यार्लस्ट्रम इलेक्ट्रॉनिक्स शिकलेले. त्यांनी सूत्र तपासून सुधारणा सुचवली. राज्याच्या अभियंता मंडळाने परवान्याशिवाय अभियंतेगिरी केल्याबद्दल त्यांनाच ५०० डॉलर दंड लावला! ते केंद्रीय न्यायालयात गेले आणि २०१८च्या अखेरीस जिंकले. मूळ निबंधाच्या तीन लेखकांपैकी तेव्हा हयात असलेल्या मराडुडिन यांनीही, आपलं सूत्र वळणाऱ्या गाड्यांसाठी नव्हतं, अशी त्यांची बाजू उचलून धरली. वाहतूक अभियंत्यांच्या अमेरिकी संस्थेने २०२०मध्ये नवी मार्गदर्शक तत्त्वं काढली; त्यात वळणाऱ्या गाड्यांच्या पिवळ्यासाठी वाढीव वेळेचा हिशेब घेतला आहे.