इंजिन नवं बांधलं, तरी सेल्फ जड फिरतोय? आधी अर्थिंग बघा

मोटरहोमसाठी, म्हणजे घरासारखं राहता येणाऱ्या गाडीसाठी, ब्लॉक बोअर करून, क्रँक ग्राइंड करून आणि इंजिनाच्या वायरिंगचा नवा संच घेऊन जाणारे आमचे बहुतेक ग्राहक घरीच इंजिन बांधतात. रिंगची गॅप कशी मोजायची, मेन बेअरिंगचे बोल्ट किती टप्प्यांत आवळायचे, हे त्यांना आम्ही शिकवावं असं काही नसतं. काम चोख असतं. तरीही इंजिन गाडीत बसलं की थोड्याच दिवसांत फोन येतो आणि वाक्य ठरलेलं असतं: "सगळं नवीन टाकलंय, पण सेल्फ जड फिरतोय. तुमच्या वायरिंगमध्येच काहीतरी आहे."

वायरिंग चुकूच शकत नाही, असं आम्ही म्हणणार नाही. एखादी पिन अर्धवट बसलेली निघते, ती आम्ही बदलून देतो. पण परत आलेला संच टेबलावर लावून पाहिला की बहुतेक वेळा तो ठणठणीत निघतो. आजार गाडीतच राहिलेला असतो, रंगाच्या थराखाली.

जुनं इंजिन उतरवताना ब्लॉकपासून चॅसीपर्यंत जाणारी एक जाळीदार पट्टी सुटते. हीच अर्थिंगची पट्टी, करंटची बॅटरीकडे परतीची वाट. काळी, तेलकट, भंगारात टाकण्याजोगी दिसते आणि बऱ्याचदा तिथेच जाते. इकडे ब्लॉक धुऊन-पुसून त्याला छान रंग दिला जातो, ब्रॅकेटना पावडर कोटिंग होतं. रंग आणि पावडर कोटिंग दोन्हींतून करंट जात नाही. इंजिन रबरी माउंटिंगवर बसतं, म्हणजे तिथूनही वाट बंद. त्यात मोटरहोमचा वरचा सांगाडा बहुधा लाकूड आणि फायबरचा. साध्या गाडीत पत्र्याची बॉडी अर्थिंगची थोडीफार उणीव भरून काढते, ती सोय इथे नाही.

करंटला परतीची वाट लागतेच. पट्टी नसेल तर तो मिळेल त्या वाटेने जातो: ॲक्सिलरेटरची केबल, गिअरची केबल. एका ग्राहकाने दोन स्टार्टर बदलले, मग बॅटरी बदलली. शेवटी गाडीच आमच्याकडे आली. इंजिनाचं झाकण उघडलं तर जळक्या प्लास्टिकचा वास. ॲक्सिलरेटरच्या केबलचं वेष्टण मधोमध वितळून आतल्या तारेला चिकटलं होतं. पट्टीचा बोल्ट जागेवर होता, घट्ट होता, पण लगच्या, म्हणजे पट्टीच्या टोकाच्या धातूच्या कड्याच्या, खाली निळ्या रंगाचा अखंड थर होता. पाचच मिनिटं खरवडलं आणि सेल्फ पहिल्या झटक्यात फिरला. दोन्ही जुने स्टार्टर चांगले होते.

"आम्ही मल्टिमीटरने तपासलं, शून्य ओहम दाखवतोय," हे उत्तरही नेहमीचं. मीटर ओहमवर असताना तारेतून नखभर करंट सोडतो. केबलच्या सगळ्या तारा तुटून एकच उरली असली, तरी तो जवळपास शून्यच दाखवेल. मोठ्या पेट्रोल इंजिनाचा स्टार्टर मात्र सहज २०० अँपिअर ओढतो. जोडात फक्त ०.०१ ओहम अडथळा असला तर २०० अँपिअरला २ व्होल्ट तिथेच खर्च होतात. बारा व्होल्टमधले दोन गेले की स्टार्टर रडणारच.

म्हणून मीटर डीसी व्होल्टवर ठेवा. एक टोक बॅटरीच्या मायनस खांबावर. खांबावरच, क्लॅम्पवर नाही, कारण क्लॅम्पखालचा गंजही मोजायचा आहे. दुसरं टोक ब्लॉकच्या उघड्या धातूवर. इग्निशन कॉइलची तार काढा, म्हणजे इंजिन सुरू होणार नाही, आणि सोबतच्या माणसाला दोन-तीन सेकंद सेल्फ मारायला सांगा. ०.२ व्होल्ट किंवा कमी आलं तर अर्थिंग उत्तम. अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं तर दुसरं टोक ब्लॉकवरून लगवर, लगवरून केबलवर असं सरकवत मागे या. आकडा जिथे एकदम पडतो, तिथेच दोष. प्लसच्या बाजूलाही असंच, बॅटरीपासून स्टार्टरच्या जाड बोल्टपर्यंत, तिथे ०.५ व्होल्टपर्यंत चालतं. गाडीच्या राहत्या भागातल्या दिव्या-पंख्यांची बॅटरी इंजिनाच्या बॅटरीला जोडणारं बटण असेल तर मोजताना ते दाबू नका. दुसऱ्या बॅटरीच्या जोरावर सेल्फ फिरतो आणि दोष झाकला जातो.

नव्या इंजिनाला याची घाई का, ते सांगतो. शेव्हरोलेचं ४५४ आणि फोर्डचं ४६० ही अमेरिकन मोटरहोममधली जुनी मोठी इंजिनं. त्यांतल्या बहुतेकांत सपाट टॅपेटचा कॅमशाफ्ट असतो. कॅमशाफ्ट म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, आणि टॅपेट म्हणजे त्याच्या उंचवट्यांवर घासत चालणारा तुकडा. नव्या कॅमला पहिल्या वीस मिनिटांत आरपीएम २००० ते २५०० मध्ये ठेवावे लागतात, तेव्हा कुठे कॅम आणि टॅपेट एकमेकांशी जुळतात. बांधताना कॅमवर लावलेली वंगणाची पेस्ट तेवढ्यापुरतीच असते. अर्थिंग खराब म्हणून सेल्फ कण्हत फिरवत बसलात, थांबलात, पुन्हा फिरवलात, की ती पेस्ट पुसली जाते आणि इंजिन सुरू व्हायच्या आधीच कॅमची झीज सुरू होते. मग एक दिवस टॅपेटचा खडखडाट येतो आणि ग्राहक म्हणतो, तुमचं मशीनकाम कच्चं. ही तक्रार आम्हाला सर्वांत जास्त लागते. तेव्हा आधी डिस्ट्रिब्युटरच्या भोकातून ड्रिलने ऑइल पंप फिरवून प्रेशर आणा, कार्बोरेटरच्या भांड्यात पेट्रोल भरा, टायमिंग बसवा, आणि मगच वरची तपासणी. दोन-तीन सेकंदांनी कॅमचं काही बिघडत नाही, दहा-दहा मिनिटांच्या खटपटीने बिघडतं.

तापमानाच्या एका तारेच्या सेन्सरचंही तेच. तो आट्यांमधून ब्लॉकशी जोडला जातो. गळती नको म्हणून आट्यांवर टेफ्लॉन टेपचे भरपूर वेढे घातले की अडथळा वाढतो, आणि बहुतेक गाड्यांत काटा थंडीकडे झुकतो. पाणी उकळतंय आणि काटा शांत, यापेक्षा वाईट खोटं गाडी बोलू शकत नाही. टेपऐवजी थोडा सीलंट लावा, तोही सुरुवातीच्या आट्या सोडून.

बॅटरी पुढे आणि इंजिन मागे असेल तर केबलची जाडीही बघा. ५० चौरस मिलिमीटर तांब्याच्या १० मीटर केबलमध्ये ३०० अँपिअरला साधारण १ व्होल्ट जातो, २५ चौरस मिलिमीटरमध्ये दोन. परतीची केबल तेवढीच लांब असेल तर तिचा हिशेब वेगळा.

पूर्वी ब्लॉक आम्हीच सगळीकडून रंगवून द्यायचो. दिसायला झकास दिसायचा आणि दोष थोडा आमचाही होता. आता प्रत्येक ब्लॉकवर दोन जागा पिवळ्या टेपने झाकून, तशाच कोऱ्या सोडतो. कृपया त्यावर रंग मारू नका. टेप काढा, लग बसवा, दातेरी वॉशर घाला, आवळा, आणि मग हवा तर जोडावर रंगाचा हात फिरवा. आतला स्पर्श धातूला धातूचा हवा, एवढंच.

पट्टी स्वतः बनवायची तर जरूर बनवा. लग दाबून बसवा आणि चिकट अस्तराची हीट श्रिंक नळी चढवा. जाड केबल नुसती डाग देऊन जोडली तर डागाच्या कडेला ती कडक होते आणि इंजिनाच्या थरथरीने तिथेच तुटते. हाताशी दाबाचं मशीन नसेल तर आमच्याकडे तीन पट्ट्यांचा तयार संच आहे: बॅटरी ते ब्लॉक, ब्लॉक ते चॅसी, केबिन ते चॅसी. वायरिंगबरोबर मागवला तर लांबी तुमच्या गाडीप्रमाणे कापून देतो, म्हणून मागवताना बॅटरीची जागा कळवा.

वायरिंग परत घेण्याआधी आम्ही दोन आकडे मागतो: सेल्फ मारताना मायनस बाजूचे व्होल्ट आणि प्लस बाजूचे. काहींना ही टाळाटाळ वाटते. पण आकड्यांशिवाय आलेला संच आम्ही तपासून तसाच परत पाठवतो आणि तुमची गाडी तेवढे दिवस उभी राहते. आकडे असतील तर निम्म्या वेळा फोनवरच निकाल लागतो. फोन कराल तेव्हा मीटर हातात आणि सेल्फ मारायला एक माणूस गाडीत बसलेला असू द्या.