बँड सुरू झाला की गिटार कुठे हरवते?

खोलीत एकट्याने वाजवताना भरदार आणि गोलसर वाटणारा इलेक्ट्रिक गिटारचा टोन ड्रम आणि बेस गिटार सुरू होताच ऐकू येईनासा होतो. गिटारवादक आवाज वाढवतो, मग ड्रमर आणखी जोर लावतो, गायकाला स्वतःचाच गळा ऐकू येत नाही, आणि एवढं होऊनही गिटार अस्पष्टच राहते. अशा वेळी वाद्य किंवा पेडल (टोन बदलणारं, पायाने चालवायचं उपकरण) बदलायची घाई होते. खरं कारण बहुधा आपल्या कानात असतं.

आतल्या कानात गोगलगायीच्या शंखासारखी वळलेली एक नळी असते आणि तिच्यात लांबट पडदा असतो. उंच स्वर या पडद्याच्या सुरुवातीच्या टोकाला थरथरवतात, तर खालचे स्वर पार दुसऱ्या टोकाला. म्हणजे खालच्या स्वराची लहर आपल्या जागी पोचेपर्यंत उंच स्वरांचा सगळा प्रदेश ओलांडून जाते. म्हणूनच मोठ्या आवाजातला खालचा स्वर त्याच्या वरच्या स्वरांना सहज झाकून टाकतो. उंच स्वराला खालच्यांना तितकं झाकता येत नाही.

आता आकडे पाहू. गिटारची सर्वांत जाड तार मोकळी छेडली की साधारण 82 हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला 82 कंपनांचा, स्वर निघतो. बेस गिटारची जाड तार 41 हर्ट्झवर असते, आणि तिचा दुसरा हार्मोनिक (मूळ कंपनासोबत निघणारं त्याच्या दुप्पट कंपन) नेमका 82 वर येतो. किक ड्रमचा (पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमचा) दणकाही साधारण 50 ते 100 हर्ट्झच्या पट्ट्यात असतो. तिथे गिटारने स्वतःचा बेसचा (खालच्या कंपनांचा) नॉब वाढवून शिरकाव केला, तर तिचा स्वतःचा फायदा काहीच होत नाही, उलट बेस गिटारचे स्वर अस्पष्ट होतात. हा भाग निर्धास्तपणे कमी करावा. स्वर हरवेल ही भीती नको, कारण मूळ कंपन गाळलं तरी वरच्या हार्मोनिकांवरून मेंदू तो स्वर ओळखतो. जुन्या टेलिफोनच्या तारेतून साधारण 300 ते 3400 हर्ट्झ एवढंच जायचं, तरी पलीकडच्या पुरुषाचा 120 हर्ट्झचा आवाज आपल्याला पुरुषाचाच वाटायचा.

मग घरी बेस आणि ट्रेबल (वरची कंपनं) वाढवून मिड (मधली कंपनं) पाडलेला टोन इतका सुंदर का वाटतो? हार्वे फ्लेचर आणि वाइल्डन मन्सन यांनी 1933 मध्ये दाखवून दिलं, की आवाज लहान असताना कान खालच्या कंपनांना फारसा दाद देत नाही. ती उणीव आपण नॉब फिरवून भरून काढतो. बँडच्या पातळीवर आवाज गेला की कानाचा हा भेदभाव बराच कमी होतो, आणि भरून काढलेला बेस फुगून वर येतो. घरचं सेटिंग स्टेजवर जसंच्या तसं चालत नाही, ते यामुळे.

गिटारचं खरं घर मधल्या पट्ट्यात आहे, ढोबळमानाने 400 ते 2000 हर्ट्झच्या दरम्यान. गिटारच्या अॅम्पचा (अॅम्प्लिफायरचा) स्पीकर 5000 हर्ट्झच्या वर झपाट्याने मंदावतो, आणि तो वरचा प्रदेश तसाही झांजांचा असतो. गंमत म्हणजे फेंडर कंपनीच्या धाटणीच्या कित्येक अॅम्पमध्ये तिन्ही नॉब मध्यावर ठेवले, तरी आतलं सर्किट मिड पाडतच असतं. आयबानेझ कंपनीचं ट्यूब स्क्रीमर हे हिरवं पेडल इतकं लोकप्रिय झालं त्यामागे हेही एक कारण आहे: ते खालचा भाग कापतं आणि 700 हर्ट्झच्या आसपास उठाव देतं. कित्येक वादक त्याचा ड्राइव्ह (डिस्टॉर्शन वाढवणारा नॉब) जवळजवळ शून्यावर ठेवतात, त्यांना हवा असतो तो फक्त हा उठाव. असा टोन एकटा ऐकला तर पातळ, थोडा नाकातून आल्यासारखा वाटतो. वाटू द्यावा.

डिस्टॉर्शनबद्दल मात्र मी आग्रही आहे: बँडमध्ये गेन (डिस्टॉर्शन किती ते ठरवणारा नॉब) कमीच हवा. डिस्टॉर्शन म्हणजे लहरींचे शेंडे छाटणं. त्यातून नवे हार्मोनिक निर्माण होतात, पण तारेवर पिक पडतानाचा टोकदार क्षणही सपाट होतो, आणि गर्दीतून एखादं वाद्य वेगळं काढायला कान नेमका त्याच क्षणाचा आधार घेतो. शिवाय दोन स्वर एकत्र छाटले गेले की त्यांच्या फरकाइतकी नवी कंपनंही जन्मतात. 220 आणि 330 हर्ट्झचा षड्ज-पंचम घ्या. फरक 110, म्हणजे मूळ स्वराचंच खालचं सप्तक. त्यामुळे फक्त षड्ज-पंचमाचा पॉवर कॉर्ड कितीही गेनवर भक्कम वाटतो. गिटारच्या पडद्यांवरचा (फ्रेटवरचा) गंधार मात्र 277 वर येतो, फरक 57 होतो आणि तो दोन सप्तकं खालच्या 55 शी घासतो. षड्ज-गंधार-पंचमाचा पूर्ण मेजर कॉर्ड जास्त गेनवर गढूळ होतो तो अशा घर्षणांमुळे.

जागेचाही प्रश्न असतो. 82 हर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे 4 मीटर, ती सगळीकडे पसरते. 3000 हर्ट्झची लहर जेमतेम 11 सेंटीमीटरची. 12 इंची स्पीकरमधून ती झोतासारखी सरळ पुढे जाते. अॅम्प जमिनीवर असेल तर हा झोत वादकाच्या गुडघ्यांवर पडतो. त्याला टोन बोथट वाटतो, तो ट्रेबल वाढवतो, आणि समोर बसलेल्या श्रोत्यांचे कान किटतात. अॅम्प खुर्चीवर ठेवावा किंवा मागे कलवून झोत स्वतःच्या कानाकडे वळवावा. 50 वॅटऐवजी 100 वॅटचा अॅम्प घेण्यापेक्षा हे जास्त उपयोगी पडतं, कारण दुप्पट वॅटने मिळतात फक्त 3 डेसिबेल, आणि आवाज दुप्पट भासायला साधारण 10 लागतात.

दोन गिटार असतील तर दोघींना एकाच पट्ट्यात कोंबू नये. एकीने खाली पॉवर कॉर्ड धरले तर दुसरीने वरच्या पडद्यांवर दोन-तीन तारांचे छोटे कॉर्ड वाजवावेत, आणि मिडचा उठावही दोघींनी वेगवेगळ्या जागी ठेवावा, एकीने 600 च्या आसपास तर दुसरीने 1500 च्या. गायक गात असताना 2000 ते 4000 हर्ट्झमधून दोघींनीही थोडं मागे सरावं. शब्दांची व्यंजनं तिथेच ऐकू येतात. सोलो आला की मिड थोडा वर न्यावा. हे सगळे नॉब पूर्ण बँड वाजत असतानाच फिरवावेत, एकट्याने नव्हे.