चादरीखालचा रुपया

फेब्रुवारी २०२५मध्ये सोलापुरातल्या आमच्या भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘२०२४ वायआर४’ येऊन पडला. २२ डिसेंबर २०३२ला हा लघुग्रह पृथ्वीवर आदळण्याची शक्यता ३.१ टक्के, आणि संभाव्य पट्ट्यात भारतही. काकांनी लगेच १९७९मध्ये कोसळलेली स्कायलॅब, म्हणजे अमेरिकेची अंतराळ प्रयोगशाळा, काढली. तेव्हाही सगळे आभाळाकडे डोळे लावून होते. तिचे तुकडे हिंदी महासागरात आणि ऑस्ट्रेलियात पडले.

काकूंचा प्रश्न जास्त नेमका होता: काल एक टक्का, आज तीन, म्हणजे दगड वळला की काय? दगड होता त्याच वाटेनं चालला होता. जमिनीवर रुपया ठेवा, वर आपली सोलापुरी चादर पसरा. रुपया म्हणजे पृथ्वी, चादर म्हणजे दगड जिथून जाऊ शकेल तो सगळा टापू. निरीक्षणं वाढतात तशी चादरीची घडी पडत जाते. रुपया अजून खालीच असेल तर त्याचा वाटा वाढतो, आणि बहुतेकदा एका घडीला तो बाहेर येतो. फेब्रुवारी संपायच्या आत तेच झालं. २००४मध्ये अपोफिस या लघुग्रहाचा आकडाही असाच २.७ टक्क्यांवर चढून उतरला होता.

ही मोजणी फार जुनी नाही. १९०८मध्ये सायबेरियात तुंगुस्का भागात आभाळातून आलेल्या दगडाच्या स्फोटानं सुमारे २,००० चौरस किलोमीटर जंगल आडवं झालं, तिथे शास्त्रज्ञ पोचले १९२७ला. असाच दगड आदळून झालेल्या आपल्या लोणारलाही लोक बराच काळ ज्वालामुखीचं विवर समजत. खरी जाग आली जुलै १९९४मध्ये, शूमेकर-लेव्ही ९ या धूमकेतूचे तुकडे गुरूवर आदळताना दिसले तेव्हा. १९९८मध्ये नासानं एक किलोमीटरहून मोठे ९० टक्के पृथ्वीनिकट लघुग्रह हुडकायचं काम अंगावर घेतलं.

असा दगड ढकलून पाहिला तो २६ सप्टेंबर २०२२ला. नासाचं डार्ट यान डिमॉर्फस या, मोठ्या लघुग्रहाभोवती फिरणाऱ्या छोट्या लघुग्रहावर मुद्दाम आपटलं आणि त्याची ११ तास ५५ मिनिटांची फेरी अर्ध्या तासाहून जास्त आखडली. एवढासा धक्का पुरतो, पण तो काही वर्षं आधी द्यावा लागतो.

सूर्याच्या बाजूनं येणारा दगड मात्र जमिनीवरच्या दुर्बिणींना दिसत नाही. १५ फेब्रुवारी २०१३ला रशियात चेल्याबिन्स्कवर आला तो असाच, जेमतेम वीस मीटरचा. लखलखाट बघायला लोक खिडकीशी आले, आणि मागून आलेल्या हवेच्या धक्क्यानं काचा अंगावर फुटल्या.