कारखान्यात बनलेलं घर घेताय? आधी जमीन दाखवा
अमेरिकेत बेताच्या बजेटमध्ये घर बांधू पाहणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी

आम्ही घरं बनवत नाही, विकतही नाही. आमचं काम जमिनीवरचं आहे. लॉट साफ करायचा, पाया घालायचा, पाणी, वीज आणि सेप्टिक (सांडपाण्याची जमिनीतली टाकी) जोडायचं आणि कारखान्यातून आलेलं घर पायावर नीट बसवून घ्यायचं. आमच्याकडे येणारे बहुतेक लोक एक रंगीत ब्रोशर घेऊन येतात, त्यावरच्या किमतीवर बोट ठेवतात आणि विचारतात, "एवढ्यात होईल ना?" त्यावर आमचा पहिला प्रश्न असतो, "जमीन कुठं आहे?" घराचा प्रकार ब्रोशर बघून ठरवला की पुढं पैसे कमी पडतात. जमीन, तिथले नियम आणि कर्ज बघून ठरवला की सहसा पडत नाहीत. हे पत्रक त्यासाठीच आहे.

एक गोष्ट आधीच कबूल करतो. खाली ज्या तीन प्रकारांबद्दल लिहिलं आहे, त्यांपैकी पॅनलच्या घरात जागेवरचं काम सर्वांत जास्त, म्हणजे आमची कमाईही सर्वांत जास्त. हे लक्षात ठेवूनच पुढचं वाचा.

तीन नावं

पॅनलाइज्ड घर म्हणजे भिंती, जमिनीचे आणि छताचे भाग कारखान्यात तयार होतात, ट्रकवर सपाट रचून येतात आणि जागेवर उभे केले जातात. मॉड्युलर घर म्हणजे अख्ख्या खोल्यांचे मोठे बॉक्स. वायरिंग, पाइप, खिडक्या, बऱ्याचदा किचनची कपाटंही आतच बसवलेली असतात. हे बॉक्स क्रेननं उचलून पायावर एकमेकांना जोडून ठेवतात. मॅन्युफॅक्चर्ड घर हे जवळजवळ पूर्ण तयार होऊनच येतं. त्याच्या खाली पोलादी चासी (वाहनाला असतो तसा सांगाडा) असते आणि ती कायम राहते. चाकं काढली तरी चासी काढायची नसते.

दिसायला मॉड्युलर आणि मॅन्युफॅक्चर्ड ही दोन घरं कधीकधी इतकी सारखी असतात की शेजाऱ्यालाही फरक कळणार नाही. काही मॉड्युलर घरंही पोलादी फ्रेमवरच येतात, त्यामुळे गोंधळ आणखी वाढतो. पण कायद्याच्या आणि बँकेच्या नजरेत ती दोन वेगळी घरं आहेत. खरा फरक बघायचा तर पाटी बघा.

पाटी बघा, सेल्समनचं ऐकू नका

मॅन्युफॅक्चर्ड घराला अमेरिकेचं गृहनिर्माण आणि नगरविकास खातं, म्हणजे ज्याला सगळे 'हड' म्हणतात, त्याचा बांधकाम नियम लागू होतो. १९७४ च्या कायद्यानुसार तयार झालेला हा नियम १५ जून १९७६ पासून देशभर एकच आहे. त्या घराच्या प्रत्येक भागावर बाहेरून एक लहान लाल धातूची पट्टी असते आणि आत, बहुधा किचनच्या कपाटात, वीज पॅनलजवळ किंवा बेडरूमच्या क्लोझेटमध्ये, एक डेटा प्लेट चिकटवलेली असते. मॉड्युलर घरावर मात्र राज्याचा शिक्का असतो, कारण ते राज्याच्या आणि स्थानिक बांधकाम नियमांप्रमाणे बनतं. जागेवर बांधलेल्या घराला लागतात तेच हे नियम. पॅनलच्या घरालाही तेच नियम लागू. फक्त त्याची तपासणी बहुतांशी तुमच्या लॉटवर, तुमच्या गावच्या इन्स्पेक्टरसमोर होते.

जुनं मॅन्युफॅक्चर्ड घर घेत असाल तर डेटा प्लेट वाचल्याशिवाय अ‍ॅडव्हान्स देऊ नका. त्यावर वाऱ्याचा, छतावरच्या बर्फाच्या भाराचा आणि थंडीचा झोन लिहिलेला असतो. १९९२ च्या अँड्र्यू चक्रीवादळात अशी असंख्य घरं मोडली, त्यानंतर १९९४ मध्ये वाऱ्याचे नियम कडक झाले. वाऱ्याच्या पहिल्या झोनसाठी बनवलेलं घर दुसऱ्या किंवा तिसऱ्या झोनमध्ये, म्हणजे वादळी किनाऱ्यावर, नेऊन ठेवता येत नाही. तसंच दक्षिणेत छतासाठी धरलेला भार चौरस फुटाला २० पौंड, तर उत्तरेत ४०. दक्षिणेकडून स्वस्तात मिळालेलं घर बर्फाच्या प्रदेशात न्यायचा बेत असेल तर तो इथंच सोडा. लाल पट्टी हरवली असेल तर हड नवी देत नाही. पट्टीच्या नोंदीची खात्री करणारं पत्र तेवढं मागवता येतं. बँकेला ते लागतंच, म्हणून विकणाऱ्यालाच ते आणायला सांगा. १५ जून १९७६ च्या आधीचं घर कुणी अगदी फुकट दिलं तरी आम्ही सहसा नकोच म्हणतो. त्यावर कर्ज मिळणं जवळपास अशक्य असतं आणि अनेक ठिकाणी ते नव्यानं ठेवायला परवानगीच नसते.

एक गैरसमज नेहमी ऐकू येतो: "हडचा नियम केंद्राचा आहे, मग गावाला नाही म्हणता येत नाही." अर्धंच खरं. बांधकाम कसं असावं यावर गाव हडच्या नियमाबाहेर वेगळा नियम लावू शकत नाही. पण त्या रस्त्यावर असं घर असावं की नसावं, हे झोनिंग (कुठल्या जागेवर काय बांधता येतं याचे नियम) ठरवतं आणि झोनिंग स्थानिकच असतं. शिवाय हाउसिंग असोसिएशनची करारपत्रं असतात, ती वेगळीच. काही ठिकाणी मॉड्युलर चालतं, मॅन्युफॅक्चर्ड चालत नाही. काही ठिकाणी चालतं, पण छताचा उतार आणि घराची रुंदी अमुक इतकी हवी अशी अट असते. म्हणून जमिनीचा सौदा करण्याआधी कौंटीच्या प्लॅनिंग ऑफिसला लेखी विचारा. फोनवरचं 'हो' नंतर कुणाला आठवत नाही.

चार आण्याची कोंबडी

ब्रोशरवरची किंमत बहुतेक वेळा कारखान्याच्या दारापर्यंतची असते. त्यापुढं काय लागतं ते बघा. रस्त्यावर ८.५ फुटांपेक्षा रुंद काहीही न्यायचं तर ओव्हरसाइझ परमिट लागतं, बऱ्याचदा पुढं-मागं एस्कॉर्ट गाड्या. मग क्रेन. क्रेनचं भाडं दिवसावर असतं आणि वाऱ्यामुळं काम थांबलं तरी दिवस मोजला जातो. जमिनीत झाडं असतील तर ती काढायची, ड्राइव्हवे करायचा, माती तपासायची. गावात सीव्हर (सांडपाण्याची सार्वजनिक लाइन) नसेल तर सेप्टिक, आणि सेप्टिकच्या आधी माती पाणी किती झिरपवते याची चाचणी. पाणी नसेल तर विहीर, आणि विहीर किती खोल जाईल हे खोदल्याशिवाय कळत नाही. विजेचा खांब लांब असेल तर प्रत्येक फुटाचे पैसे. या सगळ्याची बेरीज काही वेळा घराच्या किमतीच्या तोडीची होते. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, तो इथंच.

या यादीतल्या बऱ्याच गोष्टी घराचा प्रकार कोणताही असला तरी लागतातच. प्रकारानुसार बदलतो तो रस्ता, क्रेन आणि राहिलेलं काम. आमच्या एका ग्राहकानं मॉड्युलर घर पक्कं केलं, पैसे भरले, आणि मग लक्षात आलं की त्याच्या डोंगरातल्या रस्त्याच्या वळणावर बॉक्सचा ट्रक वळूच शकत नाही. तिथं पॅनलच चालले असते, कारण ते छोट्या ट्रकवर येतात. शेवटी शेजाऱ्याच्या शेतातून तात्पुरता रस्ता काढला. त्याचा खर्च घराच्या हिशेबात कुठंच धरलेला नव्हता.

पायाचीही एक गंमत सांगतो. मॉड्युलर बॉक्स कारखान्यात काटेकोर मापात बनतात, म्हणून पायाही तितकाच काटेकोर लागतो. जागेवर बांधताना सुतार थोडीफार कमी-जास्त सांभाळून घेतो, पण पाव इंचाची चूक बॉक्स बसवताना लगेच दिसते. त्या दिवशी क्रेन उभी असते आणि सगळे कंत्राटदाराकडे बघत असतात. स्वस्तातला पाया म्हणूनच महाग पडतो.

पॅनल स्वस्त का वाटतात

पॅनलच्या किटचा आकडा तिघांत सर्वांत छोटा दिसतो. कारण तो फक्त सांगाड्याचा असतो. नॅशनल असोसिएशन ऑफ होम बिल्डर्सच्या २०२२ आणि २०२४ च्या पाहण्या बघितल्या तर फ्रेमिंगचा, म्हणजे सांगाड्याचा, वाटा एकूण बांधकाम खर्चाच्या साधारण सहाव्या ते पाचव्या हिश्शाइतका येतो. म्हणजे किट घेतल्यावर प्लंबिंग, वायरिंग, ड्रायवॉल (आतल्या भिंतींचे बोर्ड), किचन, बाथरूम, रंग हे सगळं अजून समोर उभं असतं, आणि ते तुमच्या भागातल्या मजुरीच्या दरानं.

त्यातही उघडे पॅनल आणि बंद पॅनल असा फरक आहे. उघड्या पॅनलमध्ये लाकडी उभ्या फळ्या आणि बाहेरची शीट एवढंच असतं. आतलं काम इन्स्पेक्टरला दिसतं, म्हणून परवानगीत अडचण कमी. बंद पॅनलमध्ये इन्सुलेशन, कधी वायरिंगही आत भरून येतं. ते झाकलेलं असल्यानं कारखान्यातच मान्यता घेतलेली असावी लागते, ती आहे का ते विचारा. तिसरा प्रकार म्हणजे फोमच्या दोन्ही बाजूंना लाकडी बोर्ड चिकटवलेले इन्सुलेटेड पॅनल. थंड प्रदेशात हीटिंगचं बिल त्यांनी खरंच कमी होतं, पण सांधे नीट बंद केले नाहीत तर ओल आत शिरते आणि बोर्ड सडतो.

पॅनल कुणाला चांगले? ज्यांची जमीन चढाची, रस्ता अरुंद, नकाशा स्वतःच्या मनासारखा हवा आणि ज्यांच्या ओळखीत विश्वासू कंत्राटदार आहे त्यांना. तुमच्या हाताला सुतारकामाची सवय असेल आणि आतलं काम वर्षभर हळूहळू करायची तयारी असेल, तर पैसे वाचतात. तुकड्यांत घर मागवण्याची ही रीत इथं जुनीच आहे. सिअर्स कंपनीनं १९०८ ते १९४० या काळात घरांची किट कॅटलॉगमधून विकली आणि त्यांतली पुष्कळ घरं आजही राहती आहेत. पण दोघंही नोकरीला, भाड्याचं घर अमुक तारखेला सोडायचंय, अशी स्थिती असेल तर पॅनलच्या नादी लागू नका.

मॉड्युलरमध्ये वाचते ती वेळ. पाया घालण्याचं आणि घर बनवण्याचं काम एकाच वेळी चालतं, म्हणून बांधकाम कर्जावरचं व्याज कमी महिने भरावं लागतं. मात्र बॉक्स बसल्यावर घर 'झालं' असं समजू नका. सांधे भरणं, बाहेरची क्लॅडिंग पुरी करणं, पाइप आणि वायरी जोडणं हे काम राहतंच. ते कारखान्याची माणसं करणार की स्थानिक कंत्राटदार, हे करारात स्पष्ट लिहून घ्या. आमच्याकडे येणारे निम्मे वाद याच एका ओळीच्या अभावी असतात. आणखी एक, नकाशावर सही झाली की बदल विसरा. खिडकी एक फूट सरकवायची हौस नंतर फार महाग पडते.

कर्जाचा हिशेब वेगळाच

इथं मॅन्युफॅक्चर्ड घराबद्दल जरा थांबून सांगायला हवं. घर स्वस्त, पण कर्ज महाग असं होऊ शकतं. घर जमिनीवर कायम पायावर बसवलं, त्याचं वाहनासारखं टायटल (मालकीचा दाखला) रद्द करून ते जमिनीसकट स्थावर म्हणून नोंदवलं, तर सामान्य मॉर्गेज (घर-जमीन तारण ठेवून मिळणारं कर्ज) मिळू शकतं. तसं न करता घर जंगम मालमत्ता राहिलं, तर मिळतं ते 'चॅटल' कर्ज: व्याज जास्त, मुदत कमी. ग्राहक आर्थिक संरक्षण ब्युरोच्या २०२१ च्या अहवालानुसार मॅन्युफॅक्चर्ड घर खरेदीच्या कर्जांपैकी ४२ टक्के कर्जं चॅटल होती. त्यांतल्या काहींची जमीन स्वतःची होती, म्हणजे स्वस्त कर्जाचा रस्ता उघडा असण्याची शक्यता होती. डीलरनं पहिल्या दिवशी समोर ठेवलेल्या कागदावर सही करू नका. निदान दोन बँका आणि एक क्रेडिट युनियन (सभासदांची पतसंस्था) गाठा.

फॅनी मे आणि फ्रेडी मॅक या बँकांकडून गृहकर्जं विकत घेणाऱ्या संस्था. फॅनी मेची 'एमएच अ‍ॅडव्हांटेज' आणि फ्रेडी मॅकची 'चॉइसहोम' या योजना जागेवर बांधलेल्या घरांसारख्या दिसणाऱ्या मॅन्युफॅक्चर्ड घरांसाठी आहेत. पात्र ठरलात तर ३ टक्के डाउन पेमेंटवरही काम होतं. पण ही पात्रता घर ऑर्डर करतानाच ठरते. छताच्या उतारासारख्या गोष्टी नंतर बदलून चालत नाही.

मॉड्युलर आणि पॅनलच्या घरांना नेहमीचं मॉर्गेज मिळतं. अडचण मधल्या काळात येते. बांधकाम कर्जाचे पैसे काम जसं होईल तसे हप्त्यानं सुटतात, आणि कारखाना मात्र घर बाहेर काढण्याआधी बराच पैसा मागतो. बँकेला हा प्रकार माहीत आहे का, ते आधीच विचारा.

भाड्याच्या जमिनीवर मॅन्युफॅक्चर्ड घर ठेवण्याचा मोह होतो, कारण सुरुवातीला खिशातून कमी जातं. पण घर तुमचं आणि जमीन दुसऱ्याची, अशा ठिकाणी भाडं वाढलं तर घर उचलून नेता येईल असं वाटतं. प्रत्यक्षात घर हलवणं इतकं खर्चिक असतं की फार थोडे लोक ते करतात. त्या भाड्याला वर्षाला किती वाढ असेल, करार किती वर्षांचा आहे, आणि मालकानं जमीन विकली तर काय, हे कागदावर नसेल तर आम्ही पुढं जाऊ नका असंच सांगतो. जमिनीची मालकी रहिवाशांच्या सहकारी संस्थेकडे असेल तर गोष्ट वेगळी.

आई-बाबांसाठी मागच्या अंगणात वेगळं छोटं घर हवं असेल तर मॅन्युफॅक्चर्ड आणि मॉड्युलर दोन्हींचा विचार होतो, पण त्याला त्या गावात परवानगी आहे का, हाच पहिला प्रश्न. दोन ते चार बिऱ्हाडांचं एकत्र मॅन्युफॅक्चर्ड घरही आता हडच्या नियमात बसतं, तशी तरतूद सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर झालेल्या नियमात आहे.

पहिल्या भेटीला येताना

ब्रोशर घरी ठेवलंत तरी चालेल. जमिनीचा सर्व्हे, झोनिंगचं उत्तर आलं असेल तर ते, बँकेनं मंजूर केलेला आकडा, आणि मुख्य रस्त्यापासून तुमच्या लॉटपर्यंतच्या प्रत्येक वळणाचा, पुलाचा आणि खाली लोंबणाऱ्या तारांचा फोटो आणा. फोटो पावसाळी दिवसाचे असतील तर आणखी चांगलं, पाणी कुठं साचतं ते दिसतं. जमीन अजून घेतलेली नसेल, तर घ्यायच्या आधी एकदा या.