रेडियमचा झगा

गाडीच्या नंबरप्लेटसाठी आपण ‘रेडियम’च्या दुकानात जातो. त्या पट्ट्यांत रेडियम औषधालाही नसतं. असतात ते आलेला झोत आल्या वाटेने परत धाडणारे बारीक काचमणी; दिवा गेला की पट्टी काळी. पण खरोखरच रेडियम अंगावर घालून नाचायची इच्छा एका बाईला झाली होती.

लोई फुलर ही अमेरिकन नर्तकी. १८९२ पासून पॅरिसच्या फोली बर्जेर नाट्यगृहात तिने नाव काढलं. पांढऱ्या रेशमाचा अफाट घेर, त्यात लपवलेल्या लांब काठ्या, काळोखा रंगमंच आणि विजेच्या दिव्यांचे रंगीत झोत, कधी काचेच्या जमिनीखालूनसुद्धा. पांढरं कापड कुठलाच रंग गिळत नाही, म्हणून लाल प्रकाशात ती ज्वाळा व्हायची, निळ्यात लाट. पुढे १९१३ मध्ये तिने फ्रेंच संगीतकार देब्युसीच्या ‘नॉक्टर्न्स’वर नृत्य बसवलं. त्या संगीतातही स्वरांच्या कडा अशाच विरघळलेल्या! (इंटरनेटवर तिच्या नावाने फिरणाऱ्या जुन्या रंगीत चित्रफितींत बहुधा दुसऱ्याच नर्तकी आहेत, आणि रंग फिल्मवर हाताने भरलेले.)

पण हा सगळा प्रकाश उसना. रेडियम अंधारात चमकतं हे कळल्यावर तिने रेडियम शोधणाऱ्या क्युरी पतिपत्नींना पत्रच लिहिलं: फुलपाखराचे पंख करता येतील का? त्यांनी नाही म्हणून कळवलं. टनावारी खनिज उकळून १९०२ पर्यंत त्यांच्या हाती जेमतेम ०.१ ग्रॅम रेडियम क्लोराइड आलं होतं! आभार म्हणून बाई त्यांच्या घरी येऊन नाचली. १९०४ मधलं तिचं ‘रेडियम नृत्य’ मात्र स्फुरदीप्त, म्हणजे उजेड साठवून अंधारात चमकणाऱ्या, क्षारांवर भागलं. म्हणजे आपल्या नंबरप्लेटचीच गत: रेडियम नावापुरतं.

हे क्षार मला रेडियमपेक्षा जास्त आवडतात. प्रकाश पडला की इलेक्ट्रॉन वरच्या ऊर्जापातळीवर चढतो. एरवी तो क्षणार्धात खाली येतो, पण स्फटिकाच्या रचनेत दोष असले तर वाटेत सापळ्यात अडकतो. सुटायला लागणारी ऊर्जा त्याला भोवतालच्या उष्णतेतून मिळते, पण कधी मिळेल याचा नेम नाही. कुणी लगेच सुटतो, कुणी तासाभराने, आणि खाली येताना ऊर्जा प्रकाशरूपाने टाकून देतो. सापळा जितका खोल, तितकी चमक रेंगाळते. सापळ्याची खोली आणि सुटकेचा वेग यांचं नातं घातांकी असल्याने सापळा जरासा जास्त खोल झाला तरी सेकंदांचे तास होतात.

रेडियमच्या किरणांत मात्र जादू शोधू नये. त्या काळी रेडियमचं पाणी टॉनिक म्हणून खपलं. २०२१ मध्ये नेदरलँड्समध्ये ‘ऊर्जा देणारी’ काही लॉकेटं चक्क किरणोत्सारी निघाली.

मुलांच्या खोलीत छताला चिकटवलेल्या, अंधारात चमकणाऱ्या चांदण्या असतील तर दोन उजेडात धरा. मग एक फ्रीझरमध्ये ठेवा, एक बाहेर. दहा मिनिटांनी दिवा घालवून बघा: गार चांदणी आधी मंद दिसेल, आणि हातात ऊब मिळताच उजळेल.