प्लायवूडची मोठी टाकी: आडवी वाढवा, उंची वाढवू नका

सहा फुटांपर्यंतची माशांची टाकी काचेचीच बरी. त्यापुढे हिशेब बदलतो. आठ बाय चार फुटांच्या टाकीला १२ मिमी जाडीची नुसती तळाची काच घातली तरी ती नव्वद किलोच्या आसपास भरते, आणि तिच्याखाली एखादा खडा राहिला तर तडा ठरलेला. तीच टाकी प्लायवूडची केली की काच फक्त समोर लागते. म्हणूनच अरोवाना, जायंट गोरामी, ऑस्कर असे मोठे मासे पाळणारे प्लायकडे वळतात.

अशी टाकी नीट बांधायची, आणि पुढे वाढवायचीही, तर एक गोष्ट आधी पक्की समजली पाहिजे. पाण्याचा दाब फक्त खोलीवर अवलंबून असतो. मागे किती पाणी आहे याच्याशी भिंतीला देणंघेणं नसतं. ५५ सेमी पाणी असेल, तर २.४ मीटर लांबीच्या भिंतीवर एकूण सुमारे ३६५ किलोचा रेटा येतो, मग टाकी दोन फूट रुंद असो की दहा फूट. पाणी ७५ सेमी केलं तर तोच रेटा ६७५ किलोवर जातो, कारण तो खोलीच्या वर्गाच्या पटीत वाढतो. या रेट्यापैकी साधारण दोन तृतीयांश भार तळाच्या सांध्यावर आणि एक तृतीयांश वरच्या काठावर येतो. तळाच्या सांध्याकडे सगळे लक्ष देतात, पण टाक्यांना पोट येतं ते वरच्या काठाकडे दुर्लक्ष झाल्यामुळे.

बांधण्याआधी जागा ठरवा. आठ बाय चार फुटांच्या टाकीत ५५ सेमी पाणी भरलं की सुमारे १,५६० लिटर होतात. लाकूड, काच आणि वाळू धरून जमिनीवर दर चौरस मीटरला ६०० किलोच्या आसपास भार येतो. राहत्या खोल्यांचा स्लॅब आयएस ८७५ या मानकानुसार चौरस मीटरला २ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे २०० किलो चल भारासाठी (माणसं, सामान यांच्या वजनासाठी) आखलेला असतो. त्यामुळे ही टाकी तळमजल्यावरच, खाली भरीव जमीन असलेल्या फरशीवर ठेवावी. वरच्या मजल्यावर न्यायची असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय एक पाऊलही पुढे टाकू नये.

प्लाय १८ मिमीचा, आयएस ७१० शिक्क्याचा मरीन (ओलाव्यात टिकणारा) घ्यावा. आठ बाय चारच्या तीन शीटमध्ये सगळं बसतं. पहिली अख्खी शीट म्हणजे तळ. दुसरी लांबीत मधोमध चिरली की मागची आणि पुढची भिंत निघते. तिसरीतून दोन फूट रुंदीच्या पट्ट्यात दोन्ही बाजूभिंती, सहा-सहा इंचांच्या दोन लांब पट्ट्या वरच्या काठासाठी, आणि उरलेल्या फूटभर पट्टीतून चार फुटांचे दोन आडवे बांध (पुढची-मागची भिंत वरून जोडणाऱ्या फळ्या) निघतात. करवतीच्या प्रत्येक कापात तीनेक मिमी जातात, ते मापात धरा. बाजूभिंती पुढच्या-मागच्या भिंतींच्या आत बसतात, म्हणून त्या ११८.४ सेमीच कापायच्या.

भिंती तळाच्या कडेला बाहेरून चिकटवू नयेत, तळावर उभ्या कराव्यात. बाहेरून लावल्या तर पाण्याचा रेटा स्क्रूला सरळ उपसून काढतो. तळावर उभ्या केल्या तर स्क्रूवर आडवा भार येतो आणि तो भार स्क्रू कितीतरी चांगला पेलतो. स्टेनलेस स्टीलचे ५० मिमी स्क्रू दर १० सेमीवर, आधी बारीक भोक पाडून, सांध्यात इपॉक्सी (रेझिन म्हणजे राळ आणि हार्डनर कालवून केलेला, वाळून कडक होणारा चिकटा) भरून मगच आवळावेत. वरच्या सहा इंची पट्ट्या काठावर आडव्या बसतात, आणि दोन बांध टाकीची लांबी तीन समान भागांत वाटतात. आधाराविना राहणारा गाळा तिसऱ्या हिश्श्यावर आला की पट्टीचा वाक जवळपास ८१ पटींनी कमी होतो, कारण वाक लांबीच्या चौथ्या घाताने वाढतो. या दोन बांधांइतकं स्वस्त आणि मोलाचं काम अख्ख्या टाकीत दुसरं नाही.

पुढच्या भिंतीत २२० बाय ४४ सेमीची खिडकी कापा. निघालेल्या तुकड्याच्या पट्ट्या चौकटीला बाहेरून चिकटवून तिची जाडी दुप्पट करा.

आता इपॉक्सी. गळणाऱ्या बहुतेक टाक्यांचं कारण इथे सापडतं. लाकूड तापत असताना त्यातली हवा फुगते आणि ओल्या थरातून बुडबुडे काढते. प्रत्येक बुडबुड्याच्या जागी सुईच्या अग्राएवढं भोक राहतं. म्हणून पहिला हात सकाळी लावू नये, उन्हं उतरल्यावर लाकूड निवत असताना लावावा. म्हणजे लाकूड राळ आत ओढून घेतं. रेझिन आणि हार्डनर वजनकाट्यावर मोजावं. अंदाजाने थोडं जास्त हार्डनर टाकल्याने थर लवकर वाळत नाही, तो कायमचा चिकट राहतो. अर्धा किलो मिश्रण खोल मगात ठेवलं तर स्वतःच्याच उष्णतेने तापून काही मिनिटांत घट्ट होतं, तेव्हा कालवल्याबरोबर उथळ ट्रेमध्ये ओता.

कोपऱ्यांत इपॉक्सी आणि बारीक लाकडी भुश्याच्या लगद्याने दीड सेमी त्रिज्येची गोलाई द्या. तिच्यावर विणलेल्या फायबरग्लास कापडाची दहा सेमी पट्टी बसवा. बाजारात सहज मिळणारी तुटक तंतूंची मॅट इथे बहुधा चालत नाही. तिचे तंतू धरून ठेवणारा चिकट पदार्थ पॉलिएस्टर राळेतल्या स्टायरीनमध्ये विरघळतो, इपॉक्सीत विरघळत नाही, आणि मॅट कोपऱ्यात वळायला तयार होत नाही. सगळ्या आतल्या पृष्ठभागावर तीन हात, गोलाई आणि कापड धरून सात-आठ किलो इपॉक्सी लागतं. दमट हवेत वाळलेल्या थरावर मेणचट पापुद्रा येतो. तो आधी कोमट पाण्याने आणि खरखरीत स्पंजने धुवा, मग पॉलिश पेपर मारा. न धुता घासलं तर तो मेणचटपणा सगळीकडे पसरतो आणि पुढचा हात सोलून निघतो. कोकणात किंवा मुंबईत हे काम पावसाळ्यात करूच नये. शेवटी अंधारात तिरपी बॅटरी मारून प्रत्येक भोक शोधा. प्लायच्या उघड्या कडा बाहेरूनही बुजवा, कारण पाणी सगळ्यात वेगाने तिथूनच शिरतं.

इपॉक्सीला निदान आठवडा द्या, मग काच. १२ मिमीची साधी फ्लोट काच, २२८ बाय ५२ सेमी, आतून बसवायची, म्हणजे पाणीच तिला चौकटीवर दाबून धरतं. काच चिकटवायला सिलिकॉन ॲसिटिक प्रकारचं (व्हिनेगरसारखा वास येणारं), बुरशीनाशक नसलेलं घ्यावं. बाथरूमसाठीच्या सिलिकॉनमध्ये बुरशीनाशक असतं आणि ते माशांना घातक ठरतं. काचेखाली तीन मिमीचे रबरी तुकडे ठेवून सिलिकॉनचा थर तेवढाच जाड राहू द्या, सगळं पिळून बाहेर काढू नका. सिलिकॉन हवेतल्या ओलाव्याने कडेकडून आत, दिवसाला दोन-तीन मिमी वाळतं. काच आणि लाकडामध्ये चार सेमी रुंद पट्टा असेल, तर दोन आठवडे थांबणं भाग आहे.

चाचणीसाठी पाणी एक तृतीयांश, दोन तृतीयांश, मग पूर्ण असं भरा, प्रत्येक टप्प्याला एक दिवस. भिंतीच्या काठाला दोरी ताणून मधलं अंतर मोजत जा. दोन-तीन मिमी ठीक. पाचच्या पुढे गेलं तर पाणी काढून बांध वाढवा.

टाकी वाढवताना सुरुवातीचा नियम उपयोगी पडतो. उंची २० सेमीने वाढवली तर सुमारे ५७० लिटर मिळतात, पण भिंतीवरचा रेटा जवळपास दुप्पट होतो. शेजारी चार बाय चार फुटांचा नवा खोका जोडला तर ७७० लिटर मिळतात आणि जुन्या लांब भिंतींवर मीटरमागे एक किलोही जादा येत नाही.

जुनी बाजूभिंत पूर्ण काढू नका. तिच्यात खिडकी पाडा, चारही बाजूंनी १२ सेमी चौकट ठेवा, कोपरे ५ सेमी त्रिज्येने गोल करा, कारण काटकोनी कोपऱ्यात चीर सुरू होते. नव्या खोक्याच्या जोडभिंतीला तशीच खिडकी पाडा आणि दोन्ही चौकटी इपॉक्सी लावून १० मिमीच्या स्टेनलेस बोल्टने आवळा. या भिंतीच्या दोन्ही बाजूंना सारखंच पाणी असतं, त्यामुळे तिच्यावर निव्वळ दाब राहत नाही. पुढची आणि मागची भिंत एकमेकींशी बांधून ठेवणं एवढंच तिचं काम उरतं, आणि ते चौकट करते. नवा खोका स्वतःची वेगळी काच घेऊन येतो. दोन काचांच्या मध्ये पाऊण फुटाचा लाकडी पट्टा राहतो, तो राहू द्या.

जोड फुटतो तो बहुधा खालच्या बैठकीमुळे. नवी बैठक भाराखाली दोन मिमी खचली तरी कडक इपॉक्सीला चीर जाते. म्हणून बोल्ट आवळण्याआधी नव्या बैठकीवर सिमेंटच्या ५० किलोच्या पंधरा गोणी आठवडाभर ठेवा आणि पातळी पुन्हा तपासा. पहिल्यापासून बारा फुटांची एकसंध बैठक बांधलेली असेल तर उत्तमच. जुना भाग किमान दोन आठवडे वाळवा, आणि जिथे इपॉक्सी लावायचं तिथून सिलिकॉनचा प्रत्येक अंश पात्याने खरवडा. सिलिकॉनवर काहीही चिकटत नाही.

या काळात मासे दुसऱ्या टाकीत जातील, त्यांच्याबरोबर फिल्टरही चालू स्थितीत गेला पाहिजे. अमोनिया पचवणारे जिवाणू पाण्यात फारसे नसतात, फिल्टरमधल्या स्पंजावर आणि खड्यांवर असतात, आणि वाहतं पाणी थांबलं की प्राणवायूविना मरू लागतात. नवी जागा मिळाली म्हणून लगेच दुप्पट मासे सोडू नका. जिवाणूंची संख्या पाण्यावर ठरत नाही, त्यांना मिळणाऱ्या अमोनियावर ठरते.

शेवटचा धोका वीज गेल्यावर उघड होतो. पंप थांबला की ओव्हरफ्लोच्या (टाकीतलं पाणी खाली ठेवलेल्या फिल्टर टाकीत सोडणाऱ्या तोंडाच्या) काठावरचं सगळं पाणी खालच्या टाकीत उतरतं. आधी पृष्ठभाग २.८४ चौरस मीटर होता, म्हणजे सेंटीमीटरमागे २८ लिटर. खोका जोडल्यावर ४२ लिटर होतात. तीन सेमी पाणी उतरलं तर पूर्वी ८४ लिटर यायचे, आता १२६. खाली शंभर लिटरच मोकळी जागा असेल तर पहिल्याच भारनियमनात खोलीत पाणी होईल. पंपाच्या परतीच्या पाइपचं तोंड पाण्याखाली दहा सेमी असेल तर वक्रनळीसारखं ४२० लिटरपर्यंत पाणी उलटं ओढलं जाऊ शकतं. त्या पाइपला पाण्याच्या पातळीच्या अगदी किंचित खाली, हवा आत शिरून ओढ तुटावी म्हणून, ६ मिमीचं भोक पाडा, महिन्यातून एकदा त्यातलं शेवाळ काढा, आणि मासे सोडण्याआधी पंपाचं बटण बंद करून खालची टाकी किती भरते ते समोर उभं राहून पाहा.